लाल दोऱ्याची प्रत

१

चोरी कळली ती मंगळवारी सकाळी, आणि कळायच्या आधीच काकांनी तिला शाबासकी देऊन टाकली होती.

झालं असं. साडेनऊला फोन वाजला. चुलतभावाचा, म्हणजे मास्तरांचा, लांबलचक निरोप होता. मास्तर चित्रकलेचे शिक्षक म्हणून निवृत्त झाले होते आणि तेव्हापासून रोज सकाळी अख्ख्या कुळाच्या गटावर काही ना काही लिहून टाकत. काका ते कधी वाचत नसत. अंगठ्याचं चित्र पाठवायचं आणि फोन पालथा ठेवायचा, ही त्यांची रीत. आजही त्यांनी तेच केलं आणि चहाचं भांडं घासायला घेतलं. एक भांडं, एक कप. काकू गेल्यापासूनच्या आठ महिन्यांत एवढं जमायला लागलं होतं.

दहा मिनिटांत दार वाजलं. तिसऱ्या मजल्यावरच्या कार्डबाई होत्या. वाचनालयात चाळीस वर्षं पुस्तकांची कार्डं लावली म्हणून सगळी इमारत त्यांना कार्डबाईच म्हणे. त्या काकूची मैत्रीण. जुन्या नोंदी शोधायला मदत व्हावी म्हणून काकूनं त्यांनाही कुळाच्या गटात ओढलं होतं, आणि काकू गेल्यावर त्यांना तिथून काढायचं कुणाला सुचलं नव्हतं.

"लिफ्टवाले, तुम्ही ह्याला अंगठा पाठवलात?"

"कशाला?"

"म्हणजे वाचलंच नाही." बाई आत आल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि त्यांनी हातातली पाटी उघडली. फोनपेक्षा मोठं जे काही त्यांच्याकडे होतं त्याला त्या पाटीच म्हणत. "ऐका. 'आपल्या कुळाचा वेल आजपासून सर्वांसाठी खुला. वीस वर्षांच्या कष्टांचं फळ. पुस्तकरूपानं शनिवारी छापायला जात आहे. संशोधन व लेखन...' आणि पुढे मास्तरांचं नाव."

काकांच्या हातातला कप तसाच राहिला.

वीस वर्षांचे कष्ट काकूचे होते. काकू शिवणकाम करायची. सून म्हणून ह्या घरात आली तेव्हा तिला नात्यातली कोण कोणाची कोण हे कळेना, म्हणून तिनं मापाच्या वहीच्या मागल्या पानांवर लिहून ठेवायला सुरुवात केली. मग तिला नादच लागला. पत्रं लिहिली, म्हाताऱ्यांच्या उशाशी जाऊन बसली, नगरपालिकेच्या नोंदी चाळल्या. दुपारी मशीन थांबलं की दोन बोटांनी कॉम्प्युटरवर टाइप करायची. दोनशे बारा पानं झाली. ती छापायच्या आधी काकूच गेली.

"नुसती नावं घेतली असतील हो त्यानं," काका म्हणाले.

"नावं आणि तारखा कुणाच्या बापाच्या नसतात. तुमच्या पणजोबांची जन्मतारीख उद्या मीही शोधून छापेन, मला कोण अडवणार? पण हे बघा." बाई वाचू लागल्या. "'पणजोबांनी तीन धंदे काढले आणि तिन्ही बुडवले. पण असं बोलत, की ऐकणाऱ्याला चौथ्यात भागीदार व्हावंसं वाटे.' हे मास्तरांचं वाक्य आहे?"

नव्हतं. हे बोलणं स्वयंपाकघरातून बाहेर येताना काकांनी शंभरदा ऐकलं होतं.

"आणि हे तुमच्याबद्दल. 'चौतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करून लोकांना सुखरूप वर-खाली नेलं. स्वतः मात्र जिन्यानं चढतात. हे माझं लिहिलेलं सगळं वाचतात.'"

काकांची कानशिलं तापली. शेवटचं वाक्य खरं नव्हतं. काकू वाचून दाखवायची तेव्हा ते "हं" म्हणायचे आणि नजर टीव्हीवर असायची. दोनशे बारातलं एक पानही त्यांनी आपणहून उघडलं नव्हतं. तिनं जाता जाता आपली लाज राखली, असं त्यांना वाटलं. पण बाईंसमोर ते बोलायचा धीर झाला नाही.

"मास्तरांना तिनं प्रतच दिली नव्हती," बाई म्हणाल्या. "मग ही त्यांच्या हातात गेली कुणाच्या हातून?"

२

प्रत का दिली नव्हती ते काकांना ठाऊक होतं. मास्तरांना पहिल्या पानावर 'मार्गदर्शक' म्हणून नाव हवं होतं, काकूच्या नावाच्या वर. काकू म्हणाली होती, "मार्ग कुठे दाखवलात तेवढं सांगा, मी तिथे पाटी लावते." त्या दिवसापासून बोलणं बंद.

बुधवारी काका आणि कार्डबाई मास्तरांकडे गेले तेव्हा त्यांच्या टेबलावर छापखान्यातून आलेली कच्ची पानं पसरली होती. ते पेन्सिलीला टोक काढत बसले होते.

"ये दादा. अंगठा पोचला तुझा. बरं वाटलं."

"हे कुठून आणलंस?"

"चोरून नाही आणलं." मास्तरांनी पेन्सिल खाली ठेवली नाही. "नेटवर वंशावळींचं एक सामायिक कोठार आहे. लोक आपापल्या घराण्यांची माहिती तिथे ठेवतात. तिथे मिळालं, उघड्यावर. लेखकाच्या जागी काही नाही. खाली स्पष्ट लिहिलेलं, कुणीही घ्यावं, कुणीही छापावं, नाव देण्याची अट नाही. मी पान छापून ठेवलंय, बघ."

पान होतं. ठेवणाऱ्याचंही नाव नव्हतं, नुसता सहा आकडी क्रमांक.

कार्डबाईंनी पान उलटसुलट पाहिलं. "आणि वाचताना तुम्हाला ओळखू आलं नाही, कुणाचं ते?"

मास्तर टोक काढत राहिले. टोक कधीच निघालं होतं.

"मी परवानगी बघितली, बाई."

"परवानगी घ्यायची आणि छापायची होती. मी लिहिलं म्हणायची नव्हती. ती कुणीच देऊ शकत नाही."

"मग ज्यानं तिचं नाव काढलं त्याला विचारा ना जाऊन," मास्तरांचा आवाज चढला. "मी काढलेलं नाही. मला बिननावाचंच मिळालं. तारीख बघा वर."

तारीख काकू गेल्यानंतर दीड महिन्याची होती.

बाहेर आल्यावर काका रस्त्याच्या कडेला थांबले. काकूनं दोघांनाच प्रती दिल्या होत्या, काकांच्या धाकट्या भावाला आणि आत्याला. म्हणजे त्या दोघांपैकी कुणीतरी काकूला जाऊन दीड महिना होतो न होतो तोच तिचं नाव स्वतःच्या हातानं पुसलं होतं.

"लिफ्ट बंद पडली की आम्ही वरपासून तपासत नाही," काका म्हणाले. "जिथे हात पोचतो तिथे आधी. आत्या अठ्ठ्याऐंशीची. तिला फोन उचलता येतो, ठेवता येत नाही. कॉम्प्युटर आहे तो एकाकडेच."

"घाई करू नका, लिफ्टवाले."

पण काका चालायला लागले होते.

३

धाकट्याचं चष्म्याचं दुकान होतं. मागोमाग आलेल्या बाई पायरीशीच थांबल्या. आत दोन गिऱ्हाइकं बाकावर बसलेली आणि तिसरी, एक म्हातारी, आरशासमोर. धाकटा तिच्या कानामागे काडी नीट बसवत होता.

"वहिनीचं नाव पुसताना हात कसा कापला नाही तुझा?"

धाकट्यानं मागे वळून पाहिलं. "दादा, गिऱ्हाईक आहे. बस जरा."

"बसायला नाही आलो. ती तुला भाऊजी भाऊजी करून पहिली प्रत देऊन गेली, आणि तू ती चव्हाट्यावर टाकलीस. कुणीही घ्या म्हणून. तुझ्यासारखा भाऊ असण्यापेक्षा नसलेला बरा."

बाकावरची दोघं एकदम जमिनीकडे बघायला लागली. म्हातारीनं नवा चष्मा काढून हातात धरला, जणू ऐकू येऊ नये म्हणून.

धाकट्यानं गल्ल्याखालचा खण उघडला आणि तपकिरी कागदाचं वेष्टन घातलेली प्रत बाहेर काढली. कोपरे मऊ पडलेले, मध्ये मध्ये चिठ्ठ्या खोचलेल्या.

"ही माझी प्रत. मी कुणाला दिली नाही, कुठे टाकली नाही. घेऊन जा, तपास." मग जरा थांबून म्हणाला, "तीनदा वाचलीय मी. तू किती वेळा वाचलीस, दादा?"

काकांनी प्रत हिसकावून घेतली आणि ते बाहेर पडले. पायरी उतरताना त्यांना म्हातारीचा आवाज ऐकू आला. "तुमचे मोठे भाऊ का?" त्यावर धाकट्याचं, "हो आजी. जरा दुखात आहेत. तुम्ही समोर बघा."

४

"शोभलं तुम्हाला," कार्डबाई म्हणाल्या. "आता पुरावा काय आहे तुमच्याकडे ते सांगा."

दोघं काकूच्या शिवणाच्या टेबलाशी बसले होते. मशीनवर अजून तिनं घातलेलं आच्छादन होतं. शेजारच्या कॉम्प्युटरला काकांनी सहा-सात महिन्यांत हात लावला नव्हता. तिचं सगळं एकदाचं जतन करून ठेवलं होतं, तेवढं पुरे, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

बाईंनी धाकट्याची प्रत चाळली, मग स्वतःच्या पाटीवर मास्तरांचं पान, मग पुन्हा प्रत. एका ठिकाणी त्या थांबल्या.

"गणवेश आठवतात का हो? शाळेचे शिवायची ते?"

"आठवतात. ढीग असायचा."

"एकच कापड, एकच रंग, मापं जवळजवळ सारखी. कुठला कुणाचा ते कसं ओळखायची?"

"आतल्या शिवणीत रंगीत दोऱ्याचा एक टाका घालायची. प्रत्येक घराचा वेगळा रंग. बाहेरून दिसायचा नाही."

"मग अशी बाई दोनशे बारा पानं लोकांच्या हातात देताना खूण न करता देईल?"

मापाची वही टेबलाच्या खणातच होती. छाती, कंबर, बाही, उंची, पानामागून पान. सगळ्यात शेवटी, पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला, बारीक अक्षरात तीन ओळी. काकांनी वही डोळ्यांपासून लांब धरली, मग जवळ. अक्षरं नाचत होती. बाईंनी वही घेतली आणि वाचलं.

"'प्रती. धाकटे भाऊजी, निळा, पणजोबांच्या नावाखाली. आत्याबाई, पिवळा, त्यांच्याच नावाखाली.'"

काकांनी धाकट्याची प्रत पणजोबांच्या पानावर उघडली आणि शिवण तपासली. पांढराच दोरा. निळा कुठेच नाही.

"दोरा शोधू नका, वाचा. माझ्या पाटीवर पणजोबांचे तीन धंदे आहेत आणि चौथ्यातला भागीदार आहे. इथे त्याच्यापुढे आणखी एक वाक्य आहे. 'मांजराला फार घाबरत.' ते मास्तरांकडे नाही."

"मास्तरनं गाळलं असेल."

"असेल. म्हणून आत्याबाईंकडे जायचं." बाईंची नजर पुन्हा वहीवर गेली, तिसऱ्या ओळीवर. त्यांनी ती ओळ वाचली, बहुतेक दोनदा, आणि वही मिटली.

"तिसरी काय आहे?"

"आधी आत्याबाई," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम हलका झाला होता, आजारी माणसाशी बोलतात तसा. काकांना तो आवडला नाही.

५

गुरुवारी दोघं गेले तेव्हा आत्या खिडकीशी बसून रस्त्यावरच्या लोकांवर लक्ष ठेवत होती.

"आलास? बायको असताना वर्षातून एकदा यायचास, तेही तिनं ओढून आणलं तर. ही कोण?"

"मैत्रीण तिची. वाचनालयातली."

"बस गं बाई. ह्याच्या नादी लागू नकोस. हा ऐकत नाही कुणाचं, नुसता हं म्हणतो."

कार्डबाईंनी सरळ मुद्द्याला हात घातला. "आत्याबाई, तुमचे आजोबा मांजराला घाबरायचे का?"

"आजोबा? घाबरतील कसे? घरात सात मांजरं होती. एक तर त्यांच्या पागोट्यातच..." आत्या हसायला लागली आणि तिला ठसका लागला. पाणी पिऊन म्हणाली, "कुणी सांगितलं हे?"

"तुमच्या सुनेनं लिहिलंय. धाकट्या भावाच्या प्रतीत."

"मग त्याची खूण ती."

काका पुढे सरकले. "तुला माहीत आहे?"

"मला नाही माहीत तर कुणाला? माझ्या प्रतीत माझ्या नावाखाली लिहून ठेवलं, 'गाताना कायम सुरात.' तिचा फोन आला तेव्हा बोलले. म्हटलं, पोरी, मी गायला लागले की शेजारचे खिडक्या लावून घेतात, हे तू काय लिहिलंस? तर म्हणाली, आत्याबाई, असू द्या. प्रत्येकाच्या प्रतीत एक वाक्य मुद्दाम खोटं घातलंय. निरुपद्रवी. खरं कुणीही लिहू शकतं, कुणाला काही म्हणता येत नाही. पण खोटं माझं एकटीचं. उद्या कुणी माझं उचललं तर ते खोटं वाक्य बोलेल, कुठल्या प्रतीतून उचललं ते." आत्यानं पदरानं डोळे टिपले. "हुशार होती. तुला फार वरची मिळाली."

कार्डबाईंनी पाटीवर आत्याचं पान काढलं. बालपण होतं, लग्न होतं, आत्यानं नदीच्या पुरात वाचवलेली शिवणाची टोपली होती. गाण्याबद्दल अक्षर नव्हतं.

"आणि मास्तरांनी शोधून शोधून दोन्ही वाक्यं गाळली असतील?" काकांनी विचारलं. त्यांना आता काहीतरी धरून ठेवायला हवं होतं.

"मास्तरांनी स्वल्पविरामसुद्धा हलवलेला नाही. एक शब्द बदलायलाच हवा होता, तोही बदलला नाही. कुठला ते कळेल तुम्हाला."

"म्हणजे धाकट्यानं दिली नाही. आत्यानंही नाही."

"नाही."

"मग तिसरी प्रत कुणाला दिली होती तिनं?"

आत्यानं खिडकीकडची मान वळवून भाच्याकडे पाहिलं. "तिसरी तुझ्याच घरात आहे की, बाळा."

६

इमारतीखाली एक बाक होता. कार्डबाईंनी पिशवीतून मापाची वही काढली, वहीवर स्वतःचा चष्मा ठेवला आणि दोन्ही काकांच्या हातात दिलं. बायकी चष्मा नाकावर चढवून काकांनी तिसरी ओळ वाचली.

'घरची, लाल, ह्यांच्या नावाखाली.'

घरची म्हणजे कॉम्प्युटरमधली. पाटी उघडायची गरज नव्हती. वाक्य त्यांना मंगळवारपासून पाठ होतं. हे माझं लिहिलेलं सगळं वाचतात.

तिनं लाज राखली नव्हती. तिला एक खोटं वाक्य हवं होतं, जे घरात दोघांनाही खोटं म्हणून ठाऊक असेल, आणि ते शोधायला तिला लांब जावं लागलं नव्हतं. काकांनी वाचलं असतं तर त्यांना ते तिथेच सापडलं असतं. मग ते खरंच ठरलं म्हणून ती बहुतेक हसली असती आणि तिनं दुसरं घातलं असतं.

"कॉम्प्युटर घरघरायला लागला होता," काका म्हणाले. बाईंनी विचारलं नव्हतं. "म्हटलं, बंद पडला तर तिचं सगळं जाईल. तिचा तो वंशावळीचा प्रोग्राम उघडला तर खाली येत होतं, सुरक्षित जतन करायचं का? मी होय म्हटलं. मग प्रश्नांवर प्रश्न यायला लागले. मी होय, होय करत गेलो."

"वाचले नाहीत."

"चौतीस वर्षं, बाई, प्रत्येक लिफ्टमध्ये मी पितळी पट्टी बसवली. आधी सूचना वाचा, मग बटण दाबा. चार स्क्रू. माझ्या हातानं."

समोरून दोन माणसं कपाट उचलून नेत होती. ती जाईपर्यंत काका थांबले.

"एक प्रश्न वाचला. लेखकाचं नाव काय. ते मी घातलं. नीट, एकेक अक्षर शोधून. लगेच त्याखाली दुसरा प्रश्न आला. लेखक हयात आहे का? होय, नाही. दोन चौकटी. दुसरं काही लिहायची सोय नाही. मी बसून राहिलो. होय म्हणावं तर खोटं. आणि नाही..." काकांनी वही मिटली. "पुढे जाऊ देईना. मग मी मागे गेलो आणि नाव पुसलं. नाव पुसल्यावर तो प्रश्नच गेला. त्याच्या जागी आलं, लेखक अज्ञात, कुणीही वापरावं, मान्य आहे का. मी होय म्हटलं. हिरवं बटण होतं."

बाईंनी आपला चष्मा परत घेऊन पिशवीत ठेवला.

"मी सांगायला हवं होतं मंगळवारीच," काका म्हणाले. "पण मला खरंच वाटलं होतं की ते आत ठेवलंय. बाहेर नाही. कपाटात ठेवतात तसं. आणि ते नाव पुसल्याचं... ते मी आठवायचंच नाही असं ठरवलं होतं."

"मग मास्तरांचा दोष नाही म्हणता?"

"आहे."

"आहे. त्यांनी ओळखलं होतं आणि तरी घेतलं. पण त्यानं तुमचा कमी होत नाही."

"नाही," काका म्हणाले. "धाकट्याला मी चार लोकांसमोर बोललो."

"तीन. म्हातारी धरून तीनच. पण पुरेसे आहेत."

७

शुक्रवारी सकाळी काका मास्तरांकडे गेले आणि सगळं सांगितलं, बटणासकट. मास्तर ऐकत होते तोवर पेन्सिलीला हात लागला नाही.

"एक विचारू?" काका म्हणाले. "माझ्या नावाखाली 'माझं लिहिलेलं सगळं वाचतात' असं आहे. तुझं नाव लावलंस, मग ते माझं म्हणजे तुझं झालं. ते का ठेवलंस?"

मास्तर गोरेमोरे झाले. "मला ते खरंच वाटलं, दादा. रोज सकाळी अंगठा येतो तुझा. बाकीचे कुणी तेवढंही करत नाहीत. म्हटलं, वहिनीनं स्वतःसाठी लिहिलं असेल, पण मलाही लागू आहे."

काकांना वाटलं, इथून उठून जावं. पण त्यासाठी ते आले नव्हते.

"मी तुझं काही वाचलेलं नाही. एकही नाही. तिचंही नाही."

मास्तरांनी कच्च्या पानांतलं पहिलं पान काढलं, स्वतःच्या नावावर आडवी रेघ मारली आणि वर काकूचं नाव लिहिलं. चित्रकलेच्या मास्तरांचं अक्षर, सुरेख. खाली कुठे स्वतःला बसवायचं ते त्यांना सुचेना.

"मांडणी तू केलीस," काका म्हणाले. "तेवढं लिही."

"तेवढं लिहितो. गटावरही लिहितो, काय झालं ते. माझंही लिहितो."

"माझंही लिही. मी वाचेन."

तिथून ते दुकानात गेले. बाकावर एक बाई आणि एक तरणा गडी बसले होते. वेगळी माणसं, पण माणसं होती. काका दारातच उभे राहून बोलले, कारण बसल्यावर आवाज निघाला नसता.

"परवा मी इथे येऊन ह्याला चोर ठरवलं. तो चोर नाही. ह्याच्या वहिनीचं नाव मी पुसलं, माझ्या हातानं. ह्यानं तिचं सगळं वाचलंय. मी नाही."

बाकावरच्या दोघांना काय ते कळलं नाही. तरण्या गड्यानं उगाच मान हलवली.

धाकटा काउंटरमागून बाहेर आला. काकांनी पुढे केलेली प्रत त्यानं घेतली, खणात ठेवली आणि म्हणाला, "खुर्चीत बस."

"कशाला?"

"बस म्हणतो ना. वही डोळ्यांपासून हातभर लांब धरतोस, वहिनी सांगायची. दोन वर्षं तिला म्हणत होतास, आणू तेव्हा आणू." त्यानं काकांच्या नाकावर डोळे तपासायची ती जड लोखंडी चौकट चढवली आणि एकेक काच घालायला लागला. "आता? आणि आता? खालची ओळ वाच."

काकांनी वाचली.

"दादा, त्या दिवशी फार लागलं मला," धाकटा काच बदलत म्हणाला. "लगेच जाणार नाही ते. पण चष्मा सोमवारी मिळेल."

८

कोठाराच्या लोकांनी कार्डबाईंच्या पत्राला उत्तर पाठवलं. ज्यांनी आधीच मजकूर घेतला आहे त्यांच्याकडून तो परत मागता येणार नाही, तीन ठिकाणी तो गेला आहे. मात्र इथून पुढे लेखकाचं नाव लावता येईल. तेवढ्यासाठी वारसानं दुरुस्तीचा फॉर्म भरावा.

सोमवारी काकांनी नवा चष्मा लावला. घरची प्रत पहिल्या पानापासून वाचायला घेतली आणि फॉर्मही उघडला, सूचना वाचून, सगळ्या. आज गुरुवार. प्रतीची एकसष्ट पानं झाली आहेत, एकशे एक्कावन्न राहिली आहेत. फॉर्मवर काकूचं नाव टाकून झालं आहे. त्याखालच्या दोन चौकटींपैकी एकीत खूण करायची अजून राहिली आहे.